दोन मागांचा ठेका: एका घरातल्या हार्ड डिस्कचं प्रकरण

मार्चमध्ये सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागच्या एका घरातून फोन आला. "दादा, एक हार्ड डिस्क सुचवा की. आवाज नको, आणि टिकायला पाहिजे. कंपनी कुठलीपण चालेल."

डिस्क न्यायची, बसवायची, परत यायचं. अर्ध्या तासाचं काम. ते जून संपेपर्यंत चाललं, म्हणून लिहून ठेवतोय.

फोन करणारा चाळिशीतला. टॉवेल-चादरीच्या सात-आठ कारखान्यांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न घरी बसून करतो, आणि महिन्याच्या दहा-अकरा-वीस तारखांना रात्री एक-दोनपर्यंत जागतो. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत लोखंडी टेबलावर कॉम्प्युटर, आणि टेबलाला लागून वडिलांची लोखंडी कॉट. वडिलांना मी मामा म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडलेले, यंत्रमागावर जॉबर होते. माग अडला की ज्याला हाक मारायची तो जॉबर. चाळीस वर्षं त्यांनी मागांच्या खडखडाटात काढली. आता त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं.

तक्रार त्याच मामांची होती. "रात्रभर घोरतंय ते डबडं."

मुलाला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याचा समज असा की म्हाताऱ्याला भास होतोय, पण रोजची कटकट मिटवायला एखादी डिस्क बदलून टाकू. वहिनी सासऱ्यांच्या बाजूने होत्या, पण त्यांनाही आवाज येत नव्हता.

आधी कान, मग खरेदी

साडेदहाला गेलो. शेजारचे माग त्या आठवड्यात बंद होते, त्यामुळे गल्ली कधी नव्हे ती शांत. कॅबिनेटचा पत्रा उघडून कान लावला. पंख्याची सरसर, मधूनच डिस्कची बारीक कटकट. दहा वर्षांच्या कॉम्प्युटरला शोभेल असंच. मामा कॉटवर बसून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "तिथं काय ऐकताय? हितं झोपा."

झोपलो. उशीला कान टेकला आणि आवाज आला. वूंऽऽऽ... मग विरला... परत वूंऽऽऽ. चार-पाच सेकंदांनी एक लाट. डोकं उशीवरून उचललं की गायब.

मामांनी हवेत दोन्ही हात वर-खाली करून दाखवले. आधी दोन्ही एकदम, मग एक जरा मागे पडत जाणारा, मग उलटसुलट, मग पुन्हा एकदम. "दोन माग शेजारी लावले की असं होतंय. ठेका एकच, पण एक जरा मागं. जुळला की जमीन हलती, सुटला की गप्प." मग म्हणाले, "ह्यात दोन मोटरी हायत का?"

होत्या. ५०० जीबीची एक आणि १ टीबीची एक, दोन्ही ७२०० आरपीएम. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीचा तोल कधीच शंभर टक्के नसतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक सूक्ष्म धक्का बसतो आणि १२० हर्ट्झचा घुमारा तयार होतो. दोन्ही डिस्कचा वेग कागदावर एकच, पण एक १२० ने फिरतेय आणि दुसरी ११९.८ ने, एवढा फरक राहतोच. तेवढ्या फरकाने दर पाच सेकंदांनी दोघींचे धक्के जुळतात आणि सुटतात. एकीची पॉवर काढली, लाट थांबली. बारीक, एकसारखी घूं उरली. मामा म्हणाले, "आता एकच माग चालू हाय." माझ्या बॅगेतल्या कुठल्याही यंत्राने हे इतक्या लवकर सांगितलं नसतं.

मुलाला का ऐकू येत नव्हतं? तो खुर्चीवर बसतो. घुमारा डिस्कमधून कॅबिनेटच्या पत्र्यात, पत्र्यातून टेबलात, टेबलाला चिकटलेल्या कॉटच्या दांडीत आणि तिथून उशीत जात होता. हवेतून फार थोडा येत होता. मामांना का ऐकू येत होतं? मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, आणि अशा आवाजाने कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. तिथे शब्दांतली व्यंजनं असतात, म्हणून बोलणं कळत नाही. १२० हर्ट्झचा खर्ज बराच शाबूत राहतो. मुलगा ज्याला भास म्हणत होता, ती त्या घरातली सगळ्यात अचूक तक्रार होती.

फोनमध्ये आवाजाच्या वारंवारता दाखवणारं फुकट ॲप टाकून फोन टेबलावर ठेवला. दोन खुंट दिसले, १२० वर आणि १०० वर. १०० वाला कॉम्प्युटर बंद केल्यावरही होता. तो यूपीएसच्या ट्रान्सफॉर्मरचा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर तिच्या दुप्पट गुणगुणतो. यूपीएस टेबलाखालच्या फळीवरून उचलून फरशीवर, जुन्या चादरीच्या घडीवर ठेवला. तो खुंट बसला. खर्च शून्य.

मग कॉट भिंतीकडे चार बोटं सरकवली आणि कॅबिनेटखाली चादरीची दुसरी घडी घातली. मामा पहाटेपर्यंत झोपले. इथे प्रकरण संपलं असतं, पण निघण्यापूर्वी मी सवयीने डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलं होतं.

५ए३सी

प्रत्येक डिस्क स्वतःची डायरी ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. हे सॉफ्टवेअर ती दाखवतं, पण मूळ आकडे सोळाच्या पटीतल्या पद्धतीत, त्यामुळे नवखा माणूस घाबरतो किंवा काहीच न कळून बंद करतो. ५०० जीबीच्या डिस्कचे चालू तास ५ए३सी होते, म्हणजे २३,१००. दहा वर्षं, रोज सव्वासहा तास. वय झालेलं, पण तेवढ्याने डिस्क वाईट ठरत नाही. वाईट होतं ते सी५ नावाच्या रकान्यात. तिथे ८.

सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर, तबकडीवरचे बारीक कप्पे. आठ म्हणजे आठ जखमा नव्हेत. आतला प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा आणि बाहेर दाखवताना त्याचे ५१२ चे आठ तुकडे, म्हणून एक जागा गेली की आकडा आठने वाढतो. जखम एकच, पण डिस्क निवृत्त करायला मला ती पुरेशी वाटते.

१ टीबीच्या डिस्कवर सी५ शून्य, सी७ मात्र १४३. सी७ ही तबकडीची तक्रार नसते, वायरीची असते. डिस्क आणि मदरबोर्डमधला साटा केबल सैल किंवा खराब असला की हा आकडा वाढतो. केबल बदलला तरी तो खाली येत नाही, फक्त तिथेच थांबायला हवा. पानावर १४३ लिहून ठेवलं. वायर बदलायची सोडून डिस्क फेकलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

विचारलं, टॅलीचा बॅकअप कुठाय? मुलगा अभिमानाने म्हणाला, "रोज घेतो. ई ड्राइव्हमध्ये." टॅली डी मध्ये, बॅकअप ई मध्ये. आणि सी, डी, ई तिन्ही त्याच ५०० जीबीच्या डिस्कवर. दुकानदाराने दहा वर्षांपूर्वी तीन भाग पाडून दिले होते, आपल्याकडे सगळेच देतात, आणि लोकांना त्या तीन वेगळ्या जागा वाटतात. एका घराच्या तीन खोल्या आहेत त्या. पाया एकच. आठ कारखान्यांचे दहा वर्षांचे हिशेब, दोन्ही प्रती, त्या सी५ वाल्या तबकडीवर.

अशा डिस्कवर पहिलं काम दुरुस्ती नसतं. विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क तर अजिबात चालवायचं नाही, ते मरणाऱ्या डिस्कला पळवतं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यूने सगळी डिस्क माझ्याकडच्या दुसऱ्या डिस्कवर ओढली. हे सॉफ्टवेअर अडलेली जागा सोडून आधी चांगलं ते सगळं उचलतं, मग अडलेल्याकडे परत येतं. ४०९६ बाइट सोडून सगळं आलं. ती जागा एका जुन्या सिनेमाच्या फाइलमध्ये निघाली. नशीब म्हणायचं. टॅलीच्या फाइलमध्ये निघाली असती तर हा लेख वेगळ्या सुरात लिहावा लागला असता.

कुठली घ्यायची

आता खरेदीचा प्रश्न, आणि तो बदललेला. आवाज बराचसा चादरीच्या घड्यांनी मिटला होता. टिकण्याचा प्रश्न एका डिस्कने मिटणारा नव्हता.

विंडोज आणि टॅलीसाठी ५०० जीबीची साटा एसएसडी. त्यावर चर्चाच नको. फिरणारा भागच नाही, आवाज शून्य, आणि टॅलीसारख्या बारीक बारीक फाइलींना ती फिरत्या डिस्कपेक्षा कितीतरी चपळ. मदरबोर्ड जुना, नव्या पद्धतीच्या एसएसडीची, एनव्हीएमईची, खाच नव्हती, म्हणून साटा. मुलाने लगेच विचारलं, मग सगळंच एसएसडीवर का नको? फोटो, लग्नांचे व्हिडिओ, कारखान्यांची स्कॅन केलेली बिलं मिळून एक टीबीच्या पुढे गेलं होतं, आणि तेवढ्या जागेला भावात फिरती डिस्कच अजून परवडते. शिवाय एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा न सांगता जाते. आणि वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मी ती वापरत नाही.

राहिली साठ्याची डिस्क, ४ टीबी. फिरत्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात तीनच उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल (डब्ल्यूडी) आणि तोशिबा. बाकीची नावं यांनीच गिळली. त्यामुळे "कुठली कंपनी चांगली" या प्रश्नावर मी वेळ घालवत नाही. प्रत्येकाचा एक भाऊ असतो ज्याची त्या कंपनीची डिस्क गेलेली असते.

मी वेग बघतो. ७२०० ऐवजी ५४००. फिरण्याने बसणारा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तोल तेवढाच चुकलेला असला तरी ५४०० वर धक्का ५६ टक्के उरतो, आणि घुमारा १२० वरून ९० हर्ट्झला उतरतो. कानाला ९० आणखी कमी लागतो. पण कागदावरच्या शब्दाकडे नीट बघायचं. वेस्टर्न डिजिटल काही मोठ्या डिस्कवर "५४०० आरपीएम क्लास" लिहीत होती आणि २०२० मध्ये लोकांनी मायक्रोफोन लावून दाखवलं की ८ टीबीच्या त्या डिस्क १२० हर्ट्झवर गातायत, म्हणजे ७२०० ने फिरतायत. कंपनीचं म्हणणं, क्लास म्हणजे प्रत्यक्ष वेग नव्हे. मामांनी उशीवर केलं तेच त्या लोकांनी फोनवर केलं.

दुसरी गोष्ट एसएमआर की सीएमआर. सीएमआरमध्ये ट्रॅक, म्हणजे तबकडीवरच्या नोंदीच्या गोल ओळी, शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात, म्हणून कमी जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात. डिस्क मोकळी असते तेव्हा ती हे काम स्वतःच करत बसते, म्हणजे रात्री तुम्ही काही करत नसताना तिची कटकट चालू. सीगेटची ४ टीबीची साधी बॅराकुडा ५४०० ची आहे, पण एसएमआर. डब्ल्यूडी रेड प्लस किंवा सीगेट आयर्नवुल्फ ४ टीबी सीएमआर, सावकाश फिरणारी, आणि वॉरंटी साध्या डिस्कच्या दोन वर्षांऐवजी तीन. सोलापुरात ३.५ इंची डिस्क मागितली की दुकानदार सीसीटीव्हीवाली पुढे करतो, कारण खप तिचाच आहे. साठ्याला तीही चालते. आम्हाला रेड प्लस दोन दिवसांत मिळाली, ती घेतली.

खोक्यावर "१० लाख तास" लिहिलेलं पाहून मुलगा खूश झाला. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं, पण ती एका डिस्कची हमी नाही. अशा ११४ डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर त्यातली साधारण एक जाईल, असा त्याचा अर्थ. ती एक आपली असू शकते. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या लाखभर डिस्कचा अभ्यास छापला, त्यात गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या ठळक धोक्याच्या आकड्यांपैकी एकही दाखवला नव्हता. आपल्या सी५ ने आधी सांगितलं हा उपकारच.

पाकीट फोडण्याआधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे ना, ते पाहिलं. बसवल्यावर चालू तास पाहिले, शून्य. तेवढ्यावरही विसंबायचं नाही, कारण २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं. म्हणून नव्या डिस्कवर एकदा टोकापासून टोकापर्यंत लिहून घेतलं. ४ टीबीला साडेसात तास लागले. सी५ शून्यच राहिलं.

विणकराची गाठ

डिस्क चार स्क्रूंनी पत्र्याला आवळली की पत्रा तिचा भोंगा होतो. मुलाने व्हिडिओत डिस्क स्पंजमध्ये गुंडाळलेली पाहिली होती. त्याला म्हटलं, तो व्हिडिओ कुठल्या थंड गावचा असेल. सोलापूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते आणि बहुतेक घरगुती डिस्कची मर्यादा ६०. स्पंजात शिजेल ती.

आम्ही टांगली. डीव्हीडी ड्राइव्ह केव्हाच मेला होता, तो काढून त्या रुंद खणात डिस्क शिवणकामाच्या इलॅस्टिकच्या चार फासांत आडवी लटकवली. कुठेही पत्र्याला लागू द्यायची नाही. माझी गाठ दोनदा सरकली. मामांनी इलॅस्टिक हातातून घेतलं, चष्माही न लावता, अंगठ्याच्या नखावर दोन टोकं एकमेकांवर ठेवून, एक फेरा नखामागून नेऊन ओढला. तुटलेला ताणा जोडतात ती गाठ, सुताएवढी बारीक. "ही रीडातनं, मागाच्या फणीतनं जाती," म्हणाले, "तुमच्या डब्यातनं का नाही जाणार?" चारही गाठी त्यांच्याच. एक तोटा आहे, असा कॅबिनेट उचलून गावाला न्यायचा तर डिस्क आधी काढून घ्यावी लागते. इलॅस्टिकही उन्हाळ्यानं सैल पडतं, वर्षातून एकदा बदलायचं.

आणि तापमान चुकलंच. पत्र्याला टेकलेली डिस्क उष्णता पत्र्यात सोडते, टांगलेलीला ती वाट नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी ५२ अंश. समोरची प्लॅस्टिकची झाकणी काढली, मागे १२० मिलिमीटरचा पंखा लावून १२ ऐवजी ७ व्होल्टवर मंद चालवला. ४५ वर आली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पुन्हा फोन

मेअखेरीस पुन्हा तक्रार, आणि या वेळी मुलाचीसुद्धा. रात्री दीडला हूंऽऽ करून काहीतरी सुरू होतं आणि मामा उठून बसतात. चूक माझीच होती. डिस्क आणखी शांत व्हावी म्हणून वीस मिनिटं काम नसेल तर थांबायची सेटिंग मी केली होती. रात्री विंडोजची फाइलींची यादी करणारी सेवा किंवा अँटिव्हायरस तिला उठवायचे, आणि शून्यातून वेग घेताना डिस्क जो सूर चढवते तो एकसारख्या घूंपेक्षा फार टोचतो. मामांनी हेही आधीच सांगून ठेवलं होतं, मी ऐकलं नव्हतं. "माग चालू असताना आमी मागाखाली झोपायचो. बंद पडला की जाग यायची."

त्या डिस्कवरची यादी करणारी सेवा बंद केली. अँटिव्हायरसची तपासणी आणि टॅलीचा बॅकअप दुपारी दीडला लावला, जेवणाच्या वेळी. आता टॅली एसएसडीवर, रोजची प्रत ४ टीबीवर. जुनी १ टीबी नवीन केबल लावून महिनाभर पाहिली, सी७ १४३ च्या पुढे गेला नाही. तिच्यावर हिशेब आणि निवडक फोटोंची तिसरी प्रत घेऊन ती जुळे सोलापूरला बहिणीकडे, देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलीय. दर महिन्याला मुलगा तिकडे जातो तेव्हा आणतो, पुढच्या खेपेला परत नेतो. ५०० जीबीची मी ड्रिलने तीन भोकं पाडून दिली, कारण तिच्यावर आठ कारखान्यांचे पॅन नंबर होते.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर सहज गेलो. मामा म्हणाले, डिस्क गप्प आहे, पण आता मागचा दुसरा, जुना पंखा कुरकुरतोय, बुश गेलाय त्याचा. मला काही ऐकू आलं नाही. पॉवर सप्लाय उघडून पंखा बोटाने फिरवला. दीड फेरा घेऊन अडकला.